हायवेवर बाईने थांबायचे कुठे?

दिवाळी उलटली, की उजनी जलाशयाकाठची गावे रात्रीची झोपत नाहीत. करमाळ्याच्या कंदर, वांगी, केत्तूर या भागातून, माढ्याच्या शिवारातून आणि पलीकडे इंदापूर-भिगवणच्या बाजूने उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्यांकडे निघतात. कंदरची केळी शीतकंटेनरमध्ये बसून बंदराचा रस्ता धरतात. टेंभुर्णीला पुणे-सोलापूर महामार्गावर नगरकडचे, पंढरपूरकडचे आणि बार्शी-लातूरकडचे रस्ते येऊन मिळतात. तिथल्या ढाब्यांवर रात्री दोन वाजताही चहा उकळत असतो. ड्रायव्हर उतरतात, गाडीच्या आडोशाला उभे राहून मोकळे होतात, तोंडावर पाणी मारतात आणि पुढे जातात. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम.

त्याच गाडीतून एखादी बाई उतरली, तर तिने कुठे जायचे?

प्रश्न साधा आहे. पण बाईच्या मूत्रपिंडापासून मणक्यापर्यंत आणि झोपेपासून मनाच्या स्वास्थ्यापर्यंत अनेक गोष्टी त्याच्याशी बांधलेल्या आहेत.

ती या रस्त्यावर नवी नाही

दहा किंवा चौदा चाकी ट्रकच्या स्टिअरिंगमागे बाई दिसली, तर आजही माणसे मान वळवून बघतात. अशा बायका थोड्या आहेत, पण आहेत. मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी यांनी कायद्याची पदवी घेतलेली. पतीच्या अपघाती निधनानंतर मुलांच्या पालनपोषणासाठी त्यांनी भोपाळहून ट्रक चालवायला सुरुवात केली आणि अनेक राज्ये पालथी घातली. महाराष्ट्रात एसटी महामंडळाने महिला चालक तयार केल्या आणि जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर एसटी चालवली. आता मालवाहू पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुली गावोगाव दिसू लागल्या आहेत. मोठ्या गाडीचे लायसन्स ही त्यांची पुढची पायरी असणार आहे.

पण उजनीच्या परिसराला मालवाहतुकीतली बाई फार आधीपासून माहीत आहे. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाण्यापाठोपाठ ऊस आला, उसापाठोपाठ कारखाने आले आणि कारखान्यांपाठोपाठ दरवर्षी बीड, धाराशिव, पाथर्डीकडून कोयत्याच्या टोळ्या येऊ लागल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. ही बाई बिऱ्हाडासह ट्रकच्या हौद्यात किंवा ट्रॉलीत बसून शेकडो किलोमीटर येते. फडात मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन शिडीने गाडीवर चढते. रात्री गाडी भरायला आली तर रात्री उठते. कधी भरलेल्या उसावर बसूनच पुढच्या फडाकडे जाते. स्टिअरिंग तिच्या हाती नसते, पण रस्ता, रात्र, धूळ आणि आडोशाची अडचण ट्रकचालक बाईइतकीच तिच्याही वाट्याला येते. म्हणून या दोघींच्या आरोग्याचा विचार एकत्रच करायला हवा.

धरून ठेवलेली लघवी

स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांबीचा असतो. पुरुषाचा सुमारे वीस. शौचाच्या जागेजवळचे ई-कोलाय हे जंतू स्त्रीच्या मूत्राशयापर्यंत सहज पोचतात, कारण वाट छोटी असते. म्हणूनच आयुष्यात एकदा तरी लघवीचा जंतुसंसर्ग झालेल्या स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे.

निसर्गाने यावर दिलेला उपाय म्हणजे वारंवार लघवीला जाणे. प्रत्येक वेळी मूत्राशय रिकामे होते, तेव्हा आत शिरलेले जंतू धुऊन निघतात. अनुकूल परिस्थितीत हे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. सहा-सात तास लघवी रोखून धरली, तर त्यांना वाढायला भरपूर वेळ मिळतो.

रस्त्यावरची बाई त्यापुढे आणखी एक गोष्ट करते. ती पाणीच पीत नाही. 'प्यायले की जावे लागते' हा तिचा हिशेब. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि इंजिनजवळची केबिन त्याहून तापते. शरीरातले पाणी घामावाटे जाते, लघवी गडद आणि कमी होते, जंतुसंसर्ग आणि मूतखडा दोन्हींचा धोका वाढतो. बद्धकोष्ठता आणि त्यातून मूळव्याध हेही मागोमाग येतात. शिवाय थोडेसे पाणी कमी पडले, तरी लक्ष विचलित होते आणि डोके दुखते. जड गाडी चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा केवळ त्याच्या तब्येतीचा प्रश्न राहत नाही. रस्त्यावरच्या इतरांचा जीवही त्यात गुंतलेला असतो.

लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा घाई, ओटीपोटात दुखणे ही मूत्राशयाच्या संसर्गाची लक्षणे आहेत. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत एका बाजूला दुखणे, उलट्या ही लक्षणे दिसली, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला असे समजावे आणि 'ट्रिप संपल्यावर बघू' म्हणू नये. मेडिकलमधून आधीच्याच गोळ्या दोन दिवस घेऊन सोडून देणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. जंतू अर्धवट मरतात आणि पुढच्या वेळी त्या गोळीला दाद देत नाहीत. लघवीची तपासणी करून, डॉक्टरांनी दिलेला औषधांचा कोर्स पूर्ण करणे हाच मार्ग आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. वाटेतल्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरुवात करता येते.

पाळी, गोळ्या आणि बीडचा धडा

पाळीच्या दिवसांत ही अडचण दुप्पट होते. पॅड चार ते सहा तासांनी बदलायला हवे. पण बदलायला दार लागणारी खोली हवी, हात धुवायला पाणी हवे आणि वापरलेले पॅड टाकायला डबा हवा. या तीन गोष्टी नसल्या, की एकच पॅड दिवसभर राहते. ओलावा आणि घर्षणाने मांड्यांना चट्टे पडतात, बुरशीचा संसर्ग होतो, खाज सुटते. तासन् तास सीटवर बसणाऱ्या बाईला हा त्रास अधिक.

यातून सुटका म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या जातात. सणासुदीला घेतात तशा, मनानेच. या हार्मोनच्या गोळ्या आहेत. काही स्त्रियांमध्ये त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. तासन् तास पाय लोंबकळत बसणे हेसुद्धा पायाच्या शिरांत गुठळी होण्याचे एक कारण आहे. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, त्यात वजन जास्त असले किंवा तंबाखूचे व्यसन असले, तर धोका आणखी वाढतो. एका पायाला अचानक सूज आणि दुखणे, किंवा दम लागून छातीत दुखणे, असे झाल्यास गाडी बाजूला घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

कामाच्या जागी बाईच्या शरीराचा विचार झाला नाही, तर गोष्ट कुठवर जाते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये खासगी रुग्णालयांत काढली गेल्याची माहिती २०१९ मध्ये विधिमंडळात देण्यात आली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. ही तुलना ढोबळ आहे, पण फरक डोळ्यांत भरतो.

या शस्त्रक्रियांमागे अनेक कारणे होती: कर्करोगाची घातलेली भीती, नफेखोरी, घाई. त्यातच पाळीमुळे खाडा होतो, खाडा झाला की पैसे कापले जातात, हा हिशेबही होता. काम बाईच्या शरीराला जुळवून घेत नव्हते, म्हणून बाईचे शरीर कामाला जुळवून घेतले गेले. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर रजोनिवृत्ती लगेच येते. तरुण वयातच हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जास्त रक्तस्रावावर बहुतेक वेळा औषधे किंवा गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन पुरेसे ठरते. शस्त्रक्रिया हा शेवटचा उपाय आहे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय तो निवडू नये.

झोपेची उधारी

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जागरणाची तुलना दारूशी केली. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसांची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसांइतकी किंवा त्याहूनही मंद झाली होती. आपल्याकडे वाहन चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठलेली बाई रात्री बारा वाजता स्टिअरिंगवर असेल, तर एक थेंबही न घेता तिचे हात-पाय मद्यप्यासारखे मंदावलेले असू शकतात.

ताशी ६० किलोमीटर वेगात चार सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी डोळे मिटून सुमारे ६७ मीटर पुढे जाते. उसाच्या हंगामात तेवढ्या अंतरात रिफ्लेक्टर नसलेली, मागचा दिवा बंद पडलेली एखादी ट्रॉली उभी असू शकते. शरीरातल्या घड्याळानुसार झोपेचा जोर रात्री दोन ते पहाटे सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळी सर्वांत जास्त असतो.

पुरुष ड्रायव्हर घरी आला की जेवून आडवा होतो. बाई घरी आली की चूल, धुणे, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधे हे सगळे तिची वाट बघत असते. तिच्या विश्रांतीचे तास कागदावर असतात, पण झोपेत उतरत नाहीत. रस्त्यावर गाडी लावून केबिनमध्ये झोपताना एक कान दाराकडे असतो. भीतीच्या छायेत आलेली झोप उथळ असते, वारंवार मोडते. त्यामुळे बाईची सुरक्षितता ही पोलिसांपुरती बाब राहत नाही, ती आरोग्याचीही बाब आहे.

घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हा पुरुषांचा आजार समजला जातो. चाळिशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यावर, तो स्त्रियांतही वाढतो. त्यांच्यात तो सकाळची डोकेदुखी, दिवसभराचा थकवा, चिडचिड अशा रूपात दिसतो आणि 'वय झालं' म्हणून सोडून दिला जातो. गाडी चालवणाऱ्या बाईने तो तपासून घ्यावा.

त्यातच रक्तक्षयाची भर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका कामाला सुरुवात करण्याआधीच थकलेल्या असतात.

सीट, पाठ आणि धूर

ट्रकची सीट, पेडल, आरसे यांची मापे सरासरी पुरुषाच्या बांध्यावर बेतलेली असतात. पाच फूट उंचीच्या बाईला क्लच पूर्ण दाबायला पुढे सरकावे लागते. मग पाठ टेकत नाही. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते सहा वेळा बसणारे हादरे सर्वाधिक बाधतात आणि खडबडीत रस्त्यावर जड गाडीच्या सीटचे हादरे साधारण याच पट्ट्यात असतात. न टेकलेल्या पाठीला ते कमरेच्या मणक्यांतील चकत्यांवर झेलावे लागतात. सीट पुढे घेणे, कमरेमागे टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवणे, दर दोन तासांनी पाच मिनिटे उतरून चालणे आणि पोटऱ्या ताणणे यांनी बराच फरक पडतो.

डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. रांगेत उभे असताना इंजिन बंद ठेवणे, हे डिझेल आणि फुप्फुसे दोन्ही वाचवते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, ही जमेची बाजू. जुन्या गाड्या मात्र अजून अनेक वर्षे धावणार आहेत.

तिने काय करावे

पाणी सोडू नये. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके ते प्यावे आणि निघण्यापूर्वी थांबण्याच्या जागा ठरवाव्यात. तेल कंपन्यांच्या नियमांनुसार पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी असायलाच हवे. डिझेल भरणारी बाई तिथली ग्राहक आहे. कुलपाची किल्ली मागताना संकोच करण्याचे कारण नाही. सरडेवाडी, वरवड्यासारख्या टोलनाक्यांवरही ही सोय मागता येते. पाळीसाठी सिलिकॉनचा कप जमत असेल, तर तो आठ-दहा तास चालतो, मात्र लावताना-काढताना हात स्वच्छ हवेत.

ढाब्यावरच्या तेलकट रश्शापेक्षा सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी प्रवासाला उत्तम. सोबत फुटाणे, गूळ, केळी असावीत. रक्तदाब असेल, तर चटणी-लोणच्यातल्या मिठाला आवर घालावा. जाग राहावी म्हणून तंबाखू किंवा मिसरी नको. झोप येऊ लागली, तर चहा पिऊन, सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. उठेपर्यंत चहाचाही परिणाम सुरू होतो. काच खाली करणे किंवा मोठ्याने गाणी लावणे याने झोप जात नाही. गरोदरपणातही सीटबेल्ट लावावा. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर आणि आडवा पट्टा दोन्ही स्तनांमधून. मात्र लांबच्या फेऱ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

अडचणीत ११२, महिलांसाठी १८१ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक मोबाइलमध्ये असावेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामासाठी जावे लागते त्या जागांनाही लागू आहे. मालक, मुकादम, माल भरणारा कोणीही असो, तक्रार तीन महिन्यांच्या आत करता येते. दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

आणि बाकीच्यांनी

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. साठ वर्षे उलटली. ट्रान्सपोर्टवाल्यांनी भाडे ठरवताना हा हिशेब धरला, तरी पुष्कळ. व्यावसायिक लायसन्ससाठी लागणारा वैद्यकीय दाखला बहुतेक वेळा सहीपुरता उरतो. तीच वेळ हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर आणि दृष्टी नीट तपासण्याची संधी ठरू शकते.

साखर कारखान्यांच्या गाडीतळावर शेकडो वाहने तासन् तास रांगेत उभी असतात. तिथे उजेड, पाणी, कडी लागणारी दोन स्वच्छतागृहे आणि एक झाकणाचा डबा ठेवायला मोठा खर्च येत नाही. प्रत्येक ट्रॉलीला मागून चमकणारी पट्टी लावायला तर त्याहून कमी. ग्रामपंचायती, बाजार समित्या, केळीची पॅकहाउसेस यांनाही हे जमण्यासारखे आहे. ही सोय झाली, तर ती ड्रायव्हर बाईच्या उपयोगी पडेल, उसाच्या टोळीतल्या बाईच्या पडेल आणि रात्री एसटी चुकलेल्या कॉलेजच्या मुलीच्याही.

गाडी चालवायला बाई शिकते, त्यात नवल उरलेले नाही. तिला गाडी थांबवता येईल अशी जागा मात्र अजून तयार व्हायची आहे. ती जागा होत नाही तोवर तिची किंमत बाई तहानेने, जागरणाने आणि अंगावर काढलेल्या दुखण्याने मोजत राहणार.